बारा पिवळ्या कुंड्या

प्रोफेसरसाहेब खुर्चीवरून उठले, सूक्ष्मदर्शकाची पितळी चाकी अर्धी फिरवून तशीच ठेवली आणि चंद्रभानला म्हणाले, "बस इथं. आधी तू बघ, मग मी." झालं ते इतकंच. यात कुणाचं काय गेलं म्हणाल तर कुणाचं काही गेलं नाही. पण खिडकीपाशी काचनळ्यांच्या तोंडासाठी कापसाचे बोळे वळत उभ्या असलेल्या खुशालरावांच्या हातातला बोळा सुटला आणि तो उचलून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वळायला घेतला. गेली अकरा वर्षं त्या सूक्ष्मदर्शकाची काच रोज सकाळी मऊ धोतराच्या फडक्यानं ते पुसत आले होते. अकरा वर्षांत साहेबांनी एकदाही म्हटलं नव्हतं की खुशालराव, या, तुम्ही पण बघा. तसं त्यांनी पाहिलं होतं म्हणा. साहेब सुट्टीत पुण्याला गेले होते आणि अमरावतीचं सगळं कॉलेज सामसूम होतं, तेव्हा दार आतून लावून त्यांनी डोळा टेकवला होता. त्या उजेडाच्या गोल वाटीत बारीक बारीक काड्या थरथरत होत्या. घरी येऊन त्यांनी पार्बताबाईंना सांगितलं, तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "नका पाहू बाप्पा असं काही, डोये फुटतीन." बायकोला तरी काय म्हणायचं? चोरून पाहिलेल्याचं कौतुक कोण करणार? आणि हा चंद्रभान, चार महिने नाही झाले येऊन, हा राजरोस खुर्चीत बसून पाहत होता आणि साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

खुशालराव प्रयोगशाळेतले मदतनीस. कागदावर तेवढंच. पण त्या लांबट खोलीत जे जे काही जगत होतं ते त्यांच्या हातानं जगत होतं, हे साहेबही कबूल करत; निदान पूर्वी करत. साहेबांना वेड होतं मुळांवरच्या गाठींचं. हरभरा उपटला की मुळाला बारीक गाठी दिसतात ना, शेतकऱ्याला वाटतं कीड आहे. पण त्या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, हवेतलं काहीतरी खातात आणि झाडाला खाऊ घालतात. साहेबांना वऱ्हाडच्या काळ्या मातीतले सगळ्यांत जोरदार असे जीव शोधून काढायचे होते, म्हणजे सरकार ते बियाण्याबरोबर कास्तकारांना वाटेल. हे जीव काचनळीत घट्ट पेजेवर वाढवायचे आणि दर दोन महिन्यांनी जुन्या नळीतलं तारेच्या टोकावर घेऊन नव्या नळीत लावायचं. खुशालराव त्याला विरजण म्हणत, आणि साहेबही हसून तसंच म्हणू लागले होते. दुसरं काम माती भाजायचं. प्रयोगाची माती मेलेली लागते, तिच्यात आधीचा एकही जीव उरता कामा नये. कॉलेजच्या मागे पत्र्याच्या छपराखाली लोखंडी भट्टी होती. ओली काळी माती पत्र्यावर पसरून तिच्यात तीन घंटे भाजायची, मध्ये दोनदा उलथायची. नुसत्या वासावरून खुशालराव सांगत, झाली. एकदा नागपूरहून आलेल्या साहेबानं ती माती तपासून पाहिली होती आणि म्हणाला होता की इतकी स्वच्छ माती आमच्याकडेही होत नाही. त्या दिवशी खुशालरावांनी राजापेठेतून पेढे नेले होते. पार्बताबाईंनी विचारलं कशाचे, तर म्हणाले, मातीचे.

आणि सात नंबर. कपाटात तेवीस नळ्या होत्या, पण साहेबांचा जीव होता सात नंबरच्या नळीवर. गाठी धरायला हाच सगळ्यांत चपळ. आता तो आला कुठून? दर्यापूरकडे खुशालरावांच्या भावाची काळी जमीन. वाटणीत ती भावाकडे गेली आणि खुशालराव मॅट्रिक होऊन नोकरीला लागले. पहिल्याच वर्षी संक्रांतीला गावी गेले होते तेव्हा धुऱ्याजवळचा, शेताच्या बांधालगतचा, एक हरभरा त्यांना इतरांहून हिरवागार दिसला. तो त्यांनी मुळासकट, मातीच्या ढेकळासकट उपटून ओल्या पोत्यात गुंडाळून आणला होता. भाऊ हसला होता, म्हणाला होता, "साहेबाले आता आमची झाडं खाऊ घालतं काय?" त्याच झाडाच्या मुळातला हा सात नंबर. साहेबांनी तेव्हा शाबास म्हटलं होतं. पुढं वहीत नुसता आकडा राहिला, आणि सात नंबर कुणाच्या धुऱ्यावरचा हे साहेब विसरून गेले. खुशालराव विसरले नव्हते. विरजण लावताना ते त्या नळीशी मनातल्या मनात बोलत. मूलबाळ नसलेल्या माणसानं कशाशी बोलावं याला काही नियम आहे का?

तर चंद्रभान आला आणि साहेबांनी त्याच्या हातात दिला तो हाच सात नंबर. अकोल्याच्या जुन्या शहरातला, मोर्णेच्या काठच्या माळ्याचा मुलगा. बाप गेलेला, आई माणिकबाई भाजी आणि फुलं पिकवून विकायची आणि त्यावर हा बी. एस्सी. झाला होता. काळासावळा, कानाच्या पाळ्या मोठ्या, बोलायला मवाळ. त्याचे हात कसे चालत ते खुशालरावांनी पहिल्याच दिवशी पाहिलं. रोपाला हात लावावा तो असा, की रोपाला कळू नये. हे शिकून येत नाही. तो खुशालरावांना भाऊ म्हणायचा, बोळे वळायला बसायचा, भट्टीशी कोळसे घालायला यायचा, विचारायचा, "भाऊ, तुमाले वासावरून कसं समजते जी?" खुशालराव म्हणायचे, "समजते." वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसावर जळायला सोपं जातं. हा चांगला होता, त्यामुळे जळायला काही कारणच मिळत नव्हतं, आणि कारण नसताना जळणारा माणूस आपल्याच नजरेतून उतरत जातो.

दिवाळीनंतर त्यानं प्रयोग मांडला. जाळीच्या खोलीत चोवीस कुंड्या, सगळ्यांत खुशालरावांनी भाजलेली माती. बारा कुंड्यांत बियाण्याला सात नंबर चोळून हरभरा लावला. बारांत कोरडाच लावला. कोरडे बारा पिवळे पडायलाच हवेत, साहेब म्हणाले, तरच सिद्ध होईल की जादू सात नंबरची आहे. नागपूरहून पत्र आलं होतं: प्रयोग चोख निघाला तर चंद्रभानला सरकारी शिष्यवृत्तीवर दिल्लीला पाठवू, दोन वर्षं. निकाल पौषात कळवायचा. साहेबांनी ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाले, "तुझ्या सात नंबरनं आपलं सगळ्यांचं नाव होणार बघ." तुझ्या. खुशालराव तिथंच उभे होते, हातात पाण्याची झारी घेऊन. त्यांना वाटलं, आत्ता साहेब मागे वळतील आणि काहीतरी म्हणतील. साहेब वळले आणि म्हणाले, "खुशालराव, जाळीचं दार लावून घ्या, मांजर शिरतं." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग दिवसभर तेच येत राहिलं.

पुढच्या आठवड्यात, मार्गशीर्षातल्या एकादशीच्या आदल्या दिवशी, दुपारी माणिकबाई आल्या. त्यांच्या आळीतल्या बाया गुरुकुंज मोझरीला निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर यांनीही डोक्यावर टोपली घेतली होती. आश्रमात लावायला शेवंतीची रोपं, आणि फडक्यात बांधलेली आपल्या मळ्यातली माती. वाटेत लेकाला पाहून जावं म्हणून कॉलेजात शिरल्या. चंद्रभान साहेबांबरोबर वर्गावर गेलेला. जाळीच्या खोलीत खुशालराव एकटेच.

"चंद्रभानची माय मी," त्या म्हणाल्या. "तुमीच खुशालभाऊ ना? घरी आला का तुमचंच नाव घेते तो."

खुशालरावांनी स्टूल पुढं केलं, पण त्या बसल्या नाहीत. त्यांचं लक्ष कुंड्यांकडे गेलं होतं. "हे माह्या लेकाचे?"

"हो."

त्या वाकल्या. एका ओळीत बारा हिरवी, दुसऱ्या ओळीत बारा पिवळी. खालच्या पानांचा रंग पार उडालेला. त्यांनी एक पान बोटात धरलं आणि तोंडातून चक् असा आवाज काढला, उपाशी लेकरू पाहिल्यावर बाई काढते तसा. "अन् हे बारा काहून पिवये पडून राहिले? कोनी पाहत नाही काय यायच्याकडे?"

आता इथं एक वाक्य पुरेसं होतं. बाई, ती तशीच ठेवायची असतात, हात लावू नका. सात-आठ शब्द. ते खुशालरावांच्या जिभेवर आले होते, अगदी दातांपर्यंत. आणि ते म्हणाले, "काय माहीत बाप्पा. तुमाले जास्त कळते त्यातलं."

माणिकबाईंनी टोपली खाली ठेवली, फडक्याची गाठ सोडली. माळ्यांत ही रीतच असते: पीक रुसलं की चांगल्या वाफ्यातली मूठभर माती आणून त्याच्या बुडाशी घालायची. "हरभऱ्याच्या वाफ्यातली हाय," त्या म्हणाल्या. "माह्या सासूच्या वक्तापासून तेथीच हरभरा घेतो आमी भाजीले." पिवळ्या कुंडीत चिमूटभर, बोटानं दाबून, मग दुसऱ्या कुंडीत. बाराच्या बारा. हिरव्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला कशाला वाढायचं? "भाऊ, थोडकं पानी द्या बरं," त्यांनी मागे न पाहता हात पुढं केला. खुशालरावांनी झारी दिली. सवयीनं त्यांचा हात उकळून गार केलेल्या पाण्याच्या झारीकडेच गेला होता, कुंड्यांत बाहेरचा एक जीवही शिरू नये म्हणून ठेवलेल्या पाण्याकडे. जाताना माणिकबाई म्हणाल्या, "पोट्ट्याले सांगू नका हं. हासते तो मले." आणि मेथीची एक जुडी त्यांच्यासाठी ठेवून गेल्या.

सांगू नका म्हणाली ना ती? मग झालं. खुशालरावांनी त्या वाक्याला घट्ट धरलं. संध्याकाळी राजापेठेतून घरी जाताना ते वाक्य त्यांनी दहादा मनात घोळवलं, आणि प्रत्येक वेळी ते थोडं पातळ होत गेलं. मी काय केलं? मी काही केलं नाही. आई आली, आईनं घातलं. मी हात तरी लावला का? पाणी दिलं. तहानलेल्याला पाणी देत नाहीत का? पार्बताबाईंनी मेथी पाहून विचारलं, "कोनी देल्ली?" तर म्हणाले, "बाजारातून आणली." आणि मग भाजी ताटात आल्यावर एका घासानंतर ती बाजूला सारली. म्हणाले, कडू आहे. पार्बताबाई चाखून म्हणाल्या, "कडू तं नाही." 

आठव्या दिवशी पिवळ्या ओळीतल्या तिसऱ्या कुंडीचं कोवळं पान हिरवं निघालं. चंद्रभाननं ते पाहिलं आणि तो खाली उकिडवा बसला. दहाव्या दिवशी पाच, पंधराव्या दिवशी सगळी. त्याचं जेवण सुटलं. डबा तसाच परत जायचा. कार्बोलिक साबणानं हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली, तरी पुन्हा धुवायचा, आपल्याच नखात काहीतरी असेल म्हणून नखं मुळापर्यंत कापली. खुशालरावांना याचं सुख झालं. खोटं कशाला बोलायचं, पहिले चार-पाच दिवस तर फार सुख झालं. सकाळी कॉलेजात येताना पाय भराभर पडत, हिरवं झालेलं एकेक पान पाहायला. मग एका सकाळी चंद्रभान त्यांच्याजवळ येऊन म्हणाला, "भाऊ, मले काही समजून नाही राहिलं. तुमी एकदा पाहता काय?" आणि त्यांना सूक्ष्मदर्शकाशी नेऊन खुर्ची ओढून दिली. ज्यासाठी अकरा वर्षं जीव तडफडला ते असं, या पोरानं, त्यांना दिलं. ते बसले. डोळा टेकवला. वाटीत काड्या थरथरत होत्या. "काही सांगता येत नाही," ते म्हणाले आणि उठले, आणि दिवसभर त्यांना आपल्याच अंगाचा वास आल्यासारखं वाटत राहिलं. सांगावं असं त्या दिवशी खूप मनात आलं. पण आता सांगायचं म्हणजे इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगायचं. दिवस जातात तसं सांगणं महाग होत जातं. तोंडात मूग धरून बसलेल्याला पुढं ते मूग गिळवतही नाहीत आणि थुंकवतही नाहीत.

पौषात झाडं उपटली. साहेबांनी कोऱ्या कागदावर चोवीस मुळं धुऊन ओळीनं मांडायला लावली. कोरड्या बारांच्या मुळांवरही गाठी होत्या. साहेबांनी एक गाठ नखानं फोडली, आत गुलाबी, म्हणजे जिवंत, कामाला लागलेली.  मग चष्मा काढून म्हणाले, "खुशालराव, माती कच्ची राहिली या वेळी."

 खुशालरावांनी सगळं मनात मांडून पाहिलं होतं, चंद्रभानचा पडलेला चेहरा, नागपूरला जाणारं पत्र. पण हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण गप्प राहिलो तर चूक कुणाच्या मातीत जाईल, हा हिशेब त्यांनी केलाच नव्हता. दुसऱ्याचं घर जळताना पाहायला बसलेल्या माणसाला आपलाही वासा त्याच घरात आहे याची आठवण राहत नाही.

"नाही सर," चंद्रभान म्हणाला.  "भाऊंच्या मातीत चूक निघणार नाही. मी आल्यापासून बघतोय. माझ्याच हातानं कुठंतरी घाण झाली असेल. मी तसं लिहून देतो."

"लिहून दिलंस तर दिल्ली गेली."

"हो सर."

त्या क्षणी खुशालरावांना काय वाटलं असेल? पश्चात्ताप म्हणाल, तर तो नंतर आला. आधी आला तो हेवाच. हेही यालाच जमावं? दुसऱ्याचा दोष असा सहज अंगावर घ्यावा, आणि तोही माझ्यासारख्या माणसाचा, हे मला का जमलं नाही कधी? साहेबांनी हात झटकले. "कुंड्या रिकाम्या करा, खुशालराव. मुळं फेकून द्या."

मुळं परातीत घालून ते मागच्या नळावर गेले. धार सुरू केली. आणि मग, अकरा वर्षांचा डोळा, त्यानं पाहायचं नाही म्हटलं तरी पाहिलं. सात नंबरच्या गाठी ते झोपेतही ओळखत: तिळाएवढ्या, एकेकट्या, मुळाला सुटसुटीत लागलेल्या. या कोरड्या बारांच्या गाठी तशा नव्हत्या. दुपटीनं मोठ्या, आल्याच्या गड्ड्याला फुटतात तशी बोटं फुटलेल्या, मुळाच्या गळ्याशी गच्च. आणि झाडं तीन आठवडे उशिरा जेवायला बसून बारांतली पाच तर सात नंबरच्या झाडांच्याही पुढं गेली होती. घाण नव्हती ती. सात नंबरला मागं टाकणारं काहीतरी मोर्णेच्या काठी माणिकबाईच्या सासूच्या वेळेपासून एका भाजीच्या वाफ्यात राहत होतं, आणि हे या सगळ्या अमरावतीत फक्त खुशालरावांना ठाऊक होतं. धार चालू होती. परात कलती केली असती की झालं असतं. मोरीतून नाल्यात. मग सात नंबर पहिला राहिला असता, भावाच्या धुऱ्यावरचा, त्यांचा. माती कच्ची म्हटली तर म्हणू दे, लोक विसरतात. चंद्रभान अकोल्याला जाऊन भाजी विकेल नाहीतर कुठं मास्तर होईल. सांगितलं तर तो दिल्लीला जाईल, आणि नुसता नाही, वाजतगाजत जाईल, आणि सात नंबर तेविसांतला एक होऊन कपाटात मागे सरकेल. इतकं सगळं आपल्याच तोंडानं द्यायचं? ते किती वेळ उभे होते कोण जाणे. परात भरून वाहू लागली आणि एक मूळ काठावरून मोरीकडे निघालं, तेव्हा त्यांचा हात आपोआप पुढं गेला आणि त्यांनी ते पकडलं. विचार करून नाही. मूळ वाहून जाऊ द्यायचं नाही हे त्या हाताला माहीत होतं, एवढंच.

ते ओल्या हातानंच साहेबांच्या खोलीत गेले. चंद्रभान लिहीत बसला होता. "साहेब, माती कच्ची नव्हती," खुशालराव म्हणाले. "याची माय आली होती. पिवळी दिसली म्हणून तिनं बारा कुंड्यांत आपल्या वाफ्यातली माती घातली. मी तिथंच होतो. पाणी मीच दिलं." आणि मूळ टेबलावर ठेवलं. "या गाठी पाहा. सात नंबरच्या नाहीत या. मोठ्या आहेत."

आता साहेब ओरडतील, नोकरी जाईल, म्हणून ते खांदे आवळून उभे राहिले. साहेबांनी मूळ उचललं, खिडकीशी नेलं, भिंग लावलं, आणि त्यांचा चेहरा पेटल्यासारखा झाला. "कुठला वाफा? किती वर्षं हरभरा आहे तिथं? चंद्रभान, ते लिहिणं ठेव. नागपूरकडून आणखी एका हंगामाची मुदत मागून घेऊ. आपण उद्याच अकोल्याला जाऊ, आईंना भेटू." ते खोलीभर फिरत राहिले. खुशालराव, तुम्ही इतके दिवस का बोलला नाहीत, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. परातीतली बाकीची मुळं जपून आणायला सांगितली आणि ते सूक्ष्मदर्शकाकडे गेले. आठ दिवसांत नवी नळी कपाटात आली, आणि साहेबांनी तिला आकडा दिला नाही. चिठ्ठीवर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: माणिक.

चंद्रभाननं मात्र एक विचारलं होतं, त्याच दिवशी, ओसरीत, दोघंच असताना. "भाऊ, माय कधी आली होती?"

"एकादशीच्या आदल्या दिवशी."

त्यानं बोटांवर मोजलं. सालं गेलेली, लालसर बोटं. मोजून झालं तरी तो त्यांच्याकडेच पाहत उभा राहिला, आणि मग आत गेला. पुढं त्यानं तो विषय काढला नाही. भाऊच म्हणत राहिला, डबा उघडला की लोणच्याची पहिली फोड पुढं करत राहिला. खुशालरावांना वाटू लागलं की मिटलं.

सोमवारी नव्या प्रयोगाची माती भाजायची होती. भट्टी पेटवली, पत्रे आत सरकवले, तेवढ्यात चंद्रभान आतून स्टूल घेऊन आला आणि भट्टीपासून हातभर अंतरावर बसला. "तीन घंटे लागतात," खुशालराव म्हणाले. "हो, बसतो," तो म्हणाला. कोळसे घालायला उठला नाही, वासाबद्दल काही विचारलं नाही. साहेबांचं खिशातलं घड्याळ मागून आणलं होतं, ते गुडघ्यावर ठेवलं होतं. खुशालरावांनी पहिल्यांदा माती उलथली, मग दुसऱ्यांदा. ऊन छपराखाली सरकत आलं. शेवटी नेहमीचा तो कोरडा, राखेच्या अलीकडचा वास आला, तेव्हा त्यांनी फडक्यानं दार उघडलं आणि म्हणाले, "झाली."

चंद्रभाननं घड्याळ पाहिलं. मग मातीकडे पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"आणखी अर्धा घंटा राहू द्या, भाऊ."

खुशालरावांनी दार परत लावलं.